खिसेकरांचं कुलूप

खिसेकर हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव कागदपत्रांवर होतं, कागदपत्रं लोखंडी पेटीत होती आणि पेटी पलंगाखाली होती; त्यामुळं त्या आडनावाला कधी वारा लागला नाही. एकदा नवा पोस्टमन खऱ्या नावाचं पत्र घेऊन तीन दिवस गल्लीत हिंडला आणि चौथ्या दिवशी त्यानं खुद्द खिसेकरांनाच थांबवून विचारलं, हा गृहस्थ राहतो तरी कुठं. खिसेकर म्हणे थोडा विचार करून म्हणाले, इथं असा कोणी नाही. ही गोष्ट त्यांचा साडू सांगायचा, म्हणजे निम्मी सोडून द्यायची.

नाव पडलं ते शर्टाच्या डाव्या खिशामुळं. खिसेकर वायरमन. ज्या उस्तादाच्या हाताखाली ते काम शिकले, तो फारसा बोलत नसे; पण एक वाक्य मात्र रोज सकाळी पाढ्यासारखं म्हणून घ्यायचा : फ्यूज खिशात, तर जीव कुडीत. त्या काळी घरोघरच्या बोर्डांवर चिनी मातीचे पांढरे फ्यूज असत. ज्या तारेवर काम करायचं तिचा फ्यूज ओढून काढायचा, खिशात टाकायचा, वरून बटण लावायचं आणि मगच तारेला हात घालायचा. फ्यूजच्या जागी बोर्डात मोकळी खोबण उरते, आणि मोकळ्या खोबणीतून वीज जात नाही. कोणाला चालू करायचंच झालं, तर त्याला आधी तुमच्या छातीवर हात टाकावा लागतो. इतकी साधी आणि इतकी पक्की गोष्ट. खिसेकरांच्या बायकोनं त्यांच्या प्रत्येक शर्टाला तंबूच्या कापडाचा दुहेरी खिसा शिवला होता, कारण चिनी माती साधं कापड महिनाभरात खाते.

या पद्धतीत खोट एकच. काम संपलं की फ्यूज परत लावायची आठवण राहिली पाहिजे. खिसेकरांना ती नेहमी राहत नसे. बोर्डात दुसरा कुठला तरी फ्यूज बसवून, दिवा लावून बघून ते निघायचे, आणि दुसऱ्या खोलीचा फ्यूज त्यांच्या खिशात त्यांच्याबरोबर घरी जायचा. एकदा दाताच्या डॉक्टरांचं यंत्र असं बंद पडलं. खुर्चीत एक बाई तोंड उघडून बसलेली, आणि कंपाउंडर सायकलवरून खिसेकरांच्या छातीच्या शोधात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण त्या गावात खिशावरच म्हणायला लागले. बायको धुणं भिजवण्याआधी खिसे चाचपायची आणि जे सापडेल ते खिडकीत मांडून ठेवायची. बाकीच्या बायकांना नवऱ्याच्या खिशात चिठ्ठ्या सापडतात, माझ्या नशिबी चिनी माती, असं ती शेजारणींना सांगे. सांगताना तिला वाईट वाटत असावं असं काही दिसत नसे.

साडू हा या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. खिसेकरांपेक्षा दहा वर्षांनी लहान, अंगानं हलका, तोंडानं सैल. आधी तो इमारतींना रंग द्यायचा, म्हणून शिडी म्हणजे त्याला घरचा उंबरा. खिसेकरांचे गुडघे चाळिशीतच वाजू लागले तेव्हा दोघा बहिणींनी आपसांत ठरवून नवऱ्यांची जोडी लावून दिली. नवऱ्यांना नंतर कळवलं. खिसेकर खाली बोर्डापाशी, साडू वर शिडीवर, अशी वाटणी झाली ती अठरा वर्षं चालली. लोक उंटावरून शेळ्या हाकतात, आमचे साडूभाऊ शेळीपाशी उभे राहून उंट हाकतात, असं साडू वरून ओरडायचा. सारा गाव त्याला साडूच म्हणे. चहावाला म्हणे, शाळेतली मास्तरीण म्हणे. एवढ्या लोकांना बायका पुरवायला माझ्या सासऱ्याला किती मुली असायला हव्या होत्या, याचा तो हिशेब मांडायचा.

मग ब्रेकर आले. चिनी मातीच्या जागी काळ्या दांडीच्या पांढऱ्या डब्या. बिघाड झाला की दांडी आपोआप खाली पडते, बिघाड काढला की बोटानं वर. साडूला ते फार आवडले. खिसेकरांना आवडले नाहीत, आणि का ते त्यांनी ज्याला त्याला सांगितलं. फ्यूज खिशात जातो, ब्रेकर बोर्डावरच राहतो. आणि आपण हातानं खाली पाडलेला ब्रेकर आणि आपोआप पडलेला ब्रेकर दिसायला सारखाच. पडलेला आणि पाडलेला यांत फरक कळणार कसा? घरातलं कोणीही येईल, अरे, पडला वाटतं, म्हणेल आणि उचलेल. वर शिडीवर माणूस आहे हे त्या दांडीला कोण सांगणार? बोलणं खरं होतं. साडूनंही ते खोटं आहे असं कधी म्हटलं नाही. तो एवढंच म्हणायचा, की साडूभाऊंचं दुःख सुरक्षेचं नाही, रिकाम्या खिशाचं आहे.

अपघात झाला तो मात्र ब्रेकरमुळं नाही. पुढं गावात तसं बोललं जाऊ लागलं, तेव्हा खिसेकर स्वतः मध्ये पडून सांगत, की तसं नव्हतं. ते इथंही सरळच सांगितलं पाहिजे.

एका लाँड्रीत बोर्ड अर्धा जुना, अर्धा नवा होता. वरच्या ओळीत फ्यूज, खालच्या ओळीत ब्रेकर. महिन्याभरापूर्वी खिसेकरांनीच इस्त्रीच्या टेबलावरच्या पंख्याची लाइन वरच्या फ्यूजवरून काढून खालच्या ब्रेकरवर नेली होती. जुना फ्यूज रिकामा झाला. त्याच्यामागं आता काहीच नव्हतं. पण मोकळी खोबण दिसायला वाईट, आणि झाकायला पट्टी मिळाली नव्हती, म्हणून त्यांनी तो रिकामा फ्यूज जागच्या जागी परत बसवून ठेवला. नीटनेटकेपणाची सवय. महिन्यानं तोच पंखा बिघडला. दोघं गेले. पंखा मुळातच बंद, त्यामुळं वीज आहे की नाही हे त्याच्याकडं बघून कळणार नव्हतं. खिसेकरांचा हात वीस वर्षांच्या वाटेनं वरच्या ओळीकडं गेला, त्यांनी तो फ्यूज ओढला, खिशात टाकला, बटण लावलं. साडू वर चढला, छतातली डबी उघडली आणि त्यानं विचारलं, टेस्टर लावून बघू का. टेस्टर, म्हणजे तारेत वीज असली की दांड्यात इवलासा दिवा लागतो तो पेचकस, त्याच्या पाठीमागच्या पट्ट्यात होता. काढायचा तर एक हात सोडायला लागला असता.

खिसेकरांनी खिशावर दोन बोटं वाजवली. चिनी माती टकटकली.

“माझ्या खिशात आहे,” ते म्हणाले. “लाव हात.”

साडू शिडीवरून पडला तो टेबल चुकवून मळक्या कपड्यांच्या मोठ्या टोपलीत अर्धा आणि फरशीवर अर्धा. टोपलीमुळं डोकं वाचलं, फरशीमुळं कमरेचं हाड तडकलं, आणि उजव्या हाताची दोन बोटं भाजून आखडली ती आखडलीच. शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, लोकांचे मळके कपडे चारचौघांत धुऊ नयेत म्हणतात, मी तर त्यांच्यावर झोपलो. दवाखान्यातली परिचारिका हसली. खिसेकर खाटेच्या पायथ्याशी उभे होते, ते हसले नाहीत. फ्यूज अजून त्यांच्या खिशात होता, आणि तो काढून ठेवायला चांगली जागा त्यांना सापडत नव्हती.

मेहुणी बाहेर बाकावर बसली होती. ती मोठ्यानं बोलणारी बाई नव्हे. एका शिवणकामाच्या दुकानात ती मापं घ्यायची, आणि बोलायची तेही माप घेतल्यासारखं.

“भाऊजी,” ती म्हणाली, “खिसा तुमचा आणि हात माझ्या माणसाचा. ही वाटणी कोणी केली होती?”

ती त्यानंतर बहिणीच्या घरी येईनाशी झाली. भांडण नव्हतं. बहिणी दुकानात भेटायच्या, एकमेकींना डबे द्यायच्या. पण त्या घराची पायरी ती चढली नाही, आणि साडूही चढला नाही. हाड जुळलं, तो चालू लागला, थोडा डावीकडं कलून. एका रंगाच्या दुकानात गल्ल्याच्या मागं स्टुलावर बसायची नोकरी त्यानं धरली. कोणी विचारलं तर म्हणायचा, आयुष्यभर वर चढलो, आता बसायला शिकतोय, फार अवघड विद्या आहे. वायरिंगचं नाव कोणी काढलं की मात्र रंगाच्या डब्यांवरची धूळ पुसायला लागायचा.

खिसेकरांनी कामं कमी केली. शिडी चढावी लागेल अशी कामं ते घेईनात, आणि जोडीला दुसरा माणूसही घेईनात. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कट्ट्यावर त्यांनी वस्तू आवळून धरणारा एक लहान वाइस घट्ट बसवला, बायकोनं कोथिंबिरीचं डबडं तिथून हलवलं, आणि तो माणूस वस्तू बनवायला लागला.

पहिल्या वस्तू सगळ्या साडूच्या घरासाठी होत्या. दोन बोटं आखडलेल्या हाताला नळ फिरवता यावा म्हणून नळाच्या डोक्यावर बसणारी लाकडी दांडी. बरणीचं झाकण धरणारी, आत रबर लावलेली कातडी पट्टी. तळहातानं दाबता येईल अशी पकड, जिचा एक पाय टेबलाच्या कडेला अडकतो. रबरी चेंडू अर्धा कापून ड्रिलच्या टोकाला अडकवायची वाटी, म्हणजे भिंतीला भोक पाडताना भुगा अंगावर न पडता वाटीत पडतो. शिडीच्या पायांना जुन्या टायरचे बूट. प्रत्येक वस्तू बायको बहिणीच्या हाती पोचवायची. बहीण घ्यायची, कागदात गुंडाळायची आणि वरच्या फळीवर ठेवायची. शिडीचे बूट तर तिनं परत पाठवले. आमच्याकडं शिडी नाही, एवढा निरोप आला.

मग खिसेकर जळलेले ब्रेकर गोळा करायला लागले. भंगारवाल्याकडून, ओळखीच्या वायरमनांकडून, पडक्या गोदामातून. करवतीनं त्यांच्या डब्या उभ्या चिरायच्या आणि आत बघत बसायचं. आगपेटीहून थोड्या मोठ्या जागेत एक स्प्रिंग, एक खटका, एक वाकणारी पट्टी, एक तांब्याची गुंडाळी आणि त्यांना जोडणाऱ्या खिळ्याएवढ्या कड्या. सासू, सून, नणंद आणि जावा एका खोलीत नांदाव्यात तसं सगळं. कोणी जरा जास्त तापलं की दार उघडतंच. एक गोष्ट बघून ते दोन दिवस त्या एकाच डबीपाशी अडकले. दांडी बोटानं वर दाबून धरली, तरी बिघाड झाला की आतला खटका सुटतो आणि आत वीज तुटते. दांडी वरची वर, आतला संसार मोडलेला. म्हणजे ज्यानं हे बनवलं, त्यानं दांडी धरणाऱ्या माणसावर विश्वास ठेवलेला नव्हता. खिसेकरांनी बायकोला ते उलगडून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की मग खाली पाडलेली दांडी वर न जाऊ देण्याची सोय त्यानं का नाही केली? ते तेवढं आता करतो, खिसेकर म्हणाले.

पहिलं कुलूप झालं पाच महिन्यांनी. पितळी पत्र्याची टोपी, खाली पाडलेल्या दांडीवर घट्ट बसणारी; तिच्या कुशीत एक खाच, खाचेत पितळेचीच एक खुंटी. खुंटी फिरवून ओढून काढली की टोपी दांडीवर अडकून राहते. खुंटी परत घातल्याखेरीज निघत नाही. आणि खुंटी जाते खिशात. तिचं वजन फ्यूजएवढंच राहील असं त्यांनी बघितलं होतं. गावातल्या दोघा वायरमनांनी ती टोपी हातात घेऊन बघितली आणि स्वतःसाठी मागितली. खिसेकरांनी थांबा म्हटलं. ती आधी दाखवायची कोणाला हे ठरलेलं होतं. त्या माणसानं होय म्हणून परत शिडीला हात लावला तर ती उपयोगाची, नाहीतर पितळ भंगारात जायला मोकळं.

ते रंगाच्या दुकानात गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. साडूनं टोपी डाव्या हातात घेतली, खुंटी घातली, काढली, कानस कुठं कशी फिरली ते नखानं बघितलं. काम सुरेख झालंय म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला.

“ही खुंटी कोणाच्या खिशात?” त्यानं विचारलं.

“माझ्या.”

साडूनं टोपी कागदावर ठेवली आणि कागद हळूच गल्ल्यावरून पलीकडं सरकवला. मग गिऱ्हाईक नसतानाही उठून आतल्या खोलीत गेला.

खिसेकर चालत घरी आले. त्या दिवशी त्यांनी वाइसला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुंटीच्या खाचा वाढवल्या. एकाच टोपीला तीन खुंट्या. खाली बोर्डापाशी असेल त्याची एक, वर शिडीवर असेल त्याची एक, घरमालकाची एक. तिन्ही परत आल्याशिवाय टोपी निघायची नाही. ज्याचा हात तारेवर, त्याची खुंटी त्याच्याच खिशात. यात काही चूक निघत नाही अशी खात्री झाल्यावर जोडणीचे स्क्रू घ्यायला ते हार्डवेअरच्या दुकानात गेले, आणि तिथल्या मालकानं टोपी उलटसुलट करून पाहिली, चष्मा वर केला आणि फळीवरून एक जाडजूड कॅटलॉग काढलं. एका पानावर तीच वस्तू होती. लाल प्लॅस्टिकची, सहा कुलुपांची सोय असलेली, चार आकारांत. कॅटलॉग बरंच जुनं दिसत होतं. त्याच्या कडा उंदरानं खाल्ल्या होत्या. मालकाला वाईट वाटलं. कुठल्या कुठल्या कारखान्यांत हे वापरतात, आपल्याकडं कोणी मागतच नाही म्हणून कधी आणलं नाही, असं तो समजावत राहिला. खिसेकर ते पान बराच वेळ वाचत होते. मग त्यांनी ते कॅटलॉग दोन दिवसांसाठी मागून घेतलं.

ते त्यांनी साडूपुढं उघडून ठेवलं, शेजारी आपली तीन खुंट्यांची टोपी ठेवली. साडूनं दोन्हीकडं पाहिलं.

“बघा, चोरली की नाही तुमच्या डोक्यातून,” तो म्हणाला. “तीही तुम्हाला सुचायच्या वीस वर्षं आधी. माणसं काय एकेक असतात.”

दीड वर्षात साडू त्यांच्याशी चेष्टेनं बोलला तो त्या दिवशी पहिल्यांदा. खिसेकरांनी तेवढ्यावर घरी जायला हवं होतं. पण त्यांनी विचारलं, आता खुंटी तुझ्याच खिशात राहील, मग चढशील का. साडूनं आखडलेली बोटं दुसऱ्या हातानं दाबली. त्याचं म्हणणं असं पडलं, की त्या दिवशी तो फ्यूज त्याच्या स्वतःच्या खिशात असता तरी तो पडलाच असता. फ्यूजच भलता होता. कुलूप काय, भलत्या दांडीवरही तितकंच घट्ट बसेल. खिशातली वस्तू माणसाला धीर देते. तार जिवंत आहे की मेलेली, हे ती कुठं सांगते? त्या दिवशी ते सांगणारी वस्तू एकच होती, आणि ती त्याच्या पाठीमागं पट्ट्यात होती.

“कारण खाली तुम्ही होता,” साडू म्हणाला. “तुम्ही म्हणालात लाव, मी लावला. मला त्या टेस्टरपेक्षा तुमचा खिसा खरा वाटला. तुमच्या कुलपानं तेच अजून पक्कं होईल, साडूभाऊ.”

हे तो रागानं बोलला नाही. बोलून झाल्यावर त्यानं चहा मागवला, दोघांनी प्यायला आणि खिसेकर कॅटलॉग काखेत मारून परत आले.

तिसऱ्या कुलपाला वेळ लागला नाही. बनवायचं थोडं आणि मोडायचं बरंच होतं. तीनही खुंट्या त्यांनी वितळवायला देऊन टाकल्या. मग आपला रोजचा टेस्टर घेतला, त्याचं पातं वाइसमध्ये धरलं आणि त्याच्या एका कडेला दोन खाचा काढल्या. टोपीच्या कुशीत त्याच मापाचं बीळ केलं. आता कुलूप लावायचं ते टेस्टरनं आणि उघडायचं तेही त्याच टेस्टरनं. खिशात ठेवायला वेगळं काही उरलंच नाही. ज्याला वर जायचंय त्यानं बोर्डापाशी जायचं, टेस्टर चालू तारेवर टेकवून आतला दिवा पेटतो हे बघायचं, दांडी पाडायची, कुलूप लावायचं आणि तोच टेस्टर हातात धरून शिडी चढायची. किल्ली आहे म्हणजे टेस्टर आहे, आणि टेस्टर हातातच आहे तर तो तारेला टेकवायला वेगळी आठवण लागत नाही. हार्डवेअरवाल्यानं दोन कॅटलॉगं चाळली. त्याला ही वस्तू सापडली नाही. पण एवढ्यानं ती जगात कुठं नाहीच असं होत नाही, असं खिसेकर म्हणाले.

बायकोनं ती टोपी आणि तो टेस्टर डब्याबरोबर बहिणीकडं पोचवला. चार दिवस काही निरोप आला नाही. पाचव्या दिवशी साडूचाच आला, चहावाल्याच्या तोंडून : वाचनालयातल्या सहा ट्यूब बदलायच्या आहेत म्हणे, मी येतो, पण मी खाली बसणार.

म्हणजे वर खिसेकर. साठ वर्षांचे, कटकट वाजणाऱ्या गुडघ्यांचे. बायकोनं गुडघ्यांना पट्ट्या बांधल्या आणि म्हणाली, की तिकडं पडायचंच झालं तर पुस्तकांवर पडा, ती मऊ असतात असं ऐकलंय.

वाचनालयाचा बोर्ड बाहेरच्या बोळात होता आणि ट्यूब आतल्या दालनात. मधे भिंत. आणि दालनात मोठ्यानं बोलायला बंदी. ग्रंथपाल बाईंनी दोघांना आल्या आल्याच ते सांगितलं. म्हणजे खालून वर आणि वरून खाली हाक मारायची सोय नाही. साडूनं टोपी आणि टेस्टर बरोबर आणले होते; ते खिसेकरांच्या हाती देऊन तो बोर्डापाशी स्टूल टाकून बसला. खिसेकरांनी टेस्टर चालू पॉइंटवर टेकवला, दिवा पेटला. प्रत्येक ब्रेकरखाली कोणीतरी सुबक अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. दालन, डावी बाजू, असं लिहिलेली दांडी त्यांनी पाडली, टोपी बसवली, टेस्टर फिरवून काढला. साडूनं स्टुलावरूनच बघितलं. हातही लावला नाही.

शिडीला एकूण सात पायऱ्या होत्या. तिसरीवर खिसेकर थांबले, पाचवीवर परत थांबले. वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं आणि आपली खुर्ची थोडी लांब सरकवली. सातवीवर पोचल्यावर त्यांना कळलं, की वरून बोर्ड दिसत नाही. अठरा वर्षं आपण खालून जे बोलत होतो ते वरच्या माणसाला असं, काही न दिसता ऐकू यायचं, हेही तेव्हाच लक्षात आलं. ट्यूबची पट्टी उघडून त्यांनी टेस्टरचं टोक तारेला टेकवलं.

टेस्टरमधला दिवा लागला.

ट्यूब जळालेली होती. तिच्याकडं बघून काही कळलं नसतं. चिठ्ठी सुबक होती, पण खोटी होती. खिसेकर शिडीवर तसेच उभे राहिले, टेस्टर तारेला टेकवलेला, तो इवलासा नारिंगी दिवा बघत. मग ते एकेक पायरी उतरले, सातही. बोळात जाऊन त्यांनी साडूला सांगितलं, की ही दांडी त्या लाइनची नाही. साडूनं मान हलवली आणि स्टूल जरा बाजूला घेतलं, त्यांना बोर्डापाशी उभं राहता यावं म्हणून. दुसरी दांडी पाडली तर ग्रंथपाल बाईंचा पंखा बंद पडला. तिसरीला दालनाच्या उजव्या बाजूचे दिवे गेले आणि वाचणाऱ्या सगळ्यांनी एकदम माना वर केल्या. दर वेळी खिसेकर कुलूप उघडत, लावत, सात पायऱ्या चढत, टेकवत, उतरत. चौथ्या खेपेला टेस्टर अंधारा राहिला. त्यांनी तो परत टेकवला. मग जाऊन चालू पॉइंटवर तो पेटतो का ते बघून आले, परत चढले आणि तिसऱ्यांदा टेकवला. मगच तारेला हात घातला.

अर्ध्या तासाच्या कामाला सगळी सकाळ गेली. ग्रंथपाल बाई दोनदा बोळात येऊन किती वेळ लागणार म्हणून विचारून गेल्या. दोन्ही वेळा साडूनं त्यांना सांगितलं, की आमचा माणूस नवा आहे, शिकतोय.

काम झाल्यावर साडूनं बोर्डावरच्या सगळ्या चिठ्ठ्या नखानं खरवडून काढल्या आणि डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरांत नव्या लिहिल्या. दोघं बाहेर आले. चौकात एक डावीकडं गेला, एक उजवीकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला खिसेकरांच्या दारात साडू उभा होता. पायरी चढून आत आला, खिसेकरांच्या बायकोला म्हणाला, ताई, चहा नको, दुकान उघडायचंय, आणि सरळ खिडकीपाशी जाऊन त्यानं वाइसच्या शेजारी आपला जुना टेस्टर ठेवला. लाँड्रीत पट्ट्यात होता तोच.

“यालाही खाचा काढा,” तो म्हणाला. “पण तुमच्या मापाच्या नकोत. वेगळ्या. तुमच्या टेस्टरनं माझं कुलूप उघडता कामा नये.”

खिसेकरांनी पातं वाइसमध्ये धरलं, कानस घेतली. दुकानाचं काय, असं त्यांनी विचारलं. साडू म्हणाला, की दुकानवाल्याला महिन्याची मुदत दिलीय, तोवर दुसरा कोणी बसणारा सापडेल; बसणारे काय, कुठंही सापडतात.

“आणि तुझी बायको काय म्हणाली?”

“ती म्हणाली, खाचा खोल काढायला सांगा.”

खिसेकरांनी दिव्याखाली पातं नीट बघून घेतलं, किती खाचा म्हणून विचारलं, तीन असं उत्तर आलं, आणि त्यांनी पहिलीला सुरुवात केली.